लोहार नंदाची वाट : कान्हेरीच्या अरण्यातील धम्मयात्रा

रविवार किंवा सुटीचा दिवस आला की मुंबई-ठाणे परिसरातील असंख्य कुटुंबे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे वळतात. मुलेबाळे, म्हातारी माणसे, डबे आणि पाण्याच्या बाटल्या असा सारा लवाजमा घेऊन ही मंडळी अरण्यातील वाटांनी हिंडतात, कान्हेरीच्या पायऱ्या चढतात आणि संध्याकाळी घरी परततात. त्यांत आपल्या बौद्ध कुटुंबांची संख्याही लहान नसते. वर्षावासात, बुद्धपौर्णिमेस किंवा डिसेंबरात चैत्यभूमीस आलेले खेड्यापाड्यांतील उपासक-उपासिकाही सवड काढून कान्हेरीस जातात. परंतु आपण ज्या वाटेने चालतो, ती वाट कोणी दिली, कोणासाठी दिली आणि मधल्या शतकांत ती आपल्या पायांखालून कशी काढून घेतली गेली, याचा विचार किती जण करतात? प्रस्तुत लेखात आम्ही लेण्यांच्या शिल्पवैभवापेक्षा त्या वाटेचाच इतिहास वाचकांपुढे मांडू इच्छितो.

अरण्य आणि नगर यांच्या मध्ये

कान्हेरी हे नाव 'कृष्णगिरी' या नावाचे बदललेले रूप होय. शिलालेखांत त्याचे प्राकृत रूप 'कण्हसेल', म्हणजे काळा पर्वत, असे आढळते. काळ्या कातळाच्या या डोंगरात शंभरांहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास येथे खोदकामास आरंभ झाला आणि इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकांपर्यंत हे स्थान नांदते राहिले. एका डोंगरावर सुमारे एक हजार वर्षे भिक्खुसंघ राहतो, ही गोष्ट भारताच्या इतिहासात विरळा आहे.

हे स्थान निवडले कसे गेले असेल? विनयपिटकात राजा बिंबिसाराने वेळुवन दान दिल्याची कथा आहे. भगवंतांच्या निवासासाठी जागा कशी असावी याचा विचार करताना बिंबिसार म्हणतो की ती गावापासून फार दूर नसावी आणि फार जवळही नसावी. तेथे जाणे-येणे सोयीचे असावे. दिवसा गर्दी आणि रात्री गोंगाट नसावा. कान्हेरी या कसोटीस पुरेपूर उतरते. वायव्येस वसईच्या खाडीपलीकडे शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा, पूर्वेस कल्याण, दक्षिणेस समुद्रकिनाऱ्यावर चेमुल म्हणजे चौल, अशी त्या काळची भरभराटीची बंदरे आणि व्यापारी नगरे या डोंगराभोवती होती. कल्याण येथून सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटर, तर सोपारा पंचवीस-तीस किलोमीटर. एक-दोन दिवसांच्या पायी प्रवासात उपासक येथे पोहोचू शकत होता. अरण्य होते, पण ते समाजापासून तुटलेले नव्हते. भिक्खू आणि समाज यांना जोडणारी वस्तू एकच होती : वाट.

कर्माराचे दान

कान्हेरीत शंभराच्या आसपास शिलालेख आहेत. १८८१ साली जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख एकत्र प्रसिद्ध केले; पुढे १९९१ साली डॉ. शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या लेखांचा स्वतंत्र ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे सिद्ध केला. या लेखांत राजांची नावे आहेत, पण ती थोडी. बहुसंख्य दाते व्यापारी, गृहस्थ, कारागीर, भिक्खू, भिक्खुणी आणि उपासिका आहेत. आपल्या गावाचे, पित्याचे आणि व्यवसायाचे नाव सांगून ते आपले दान कातळावर नोंदवितात.

या नावांतील एका नावापाशी आम्ही वाचकांना थांबविणार आहोत. कल्याणचा एक 'कमार', म्हणजे लोहार, त्याचे नाव नद अर्थात नंद. त्याने लेणे दिले नाही, मूर्ती दिली नाही. त्याने दिला 'पथ', म्हणजे वाट. अवघ्या काही शब्दांचा हा लेख आहे. तो कोणत्या राजाच्या काळात लिहिला, हे त्यात नाही. दानाची मोठी फलश्रुती नाही. कल्याणच्या नंद लोहाराचे वाट हे देयधर्म, म्हणजे पुण्यदान, एवढेच.

कातळाच्या डोंगरात वाट करणे ही साधी गोष्ट नव्हे. पाऊल टिकावे म्हणून निसरडा उतार तासावा लागतो, पायऱ्या खोदाव्या लागतात, पावसाळ्यातील ओहळ बाजूस काढावे लागतात. हे सारे छिन्नीने करावयाचे आणि छिन्नी घडवून तिला पुन्हा पुन्हा धार लावावयाची ती लोहाराने. कान्हेरीचे प्रत्येक लेणे कोणा ना कोणा लोहाराच्या भट्टीतून आलेल्या हत्याराने घडले आहे. ज्या हातांनी हत्यारे घडविली, त्याच वर्गातील एका माणसाने आपल्या मिळकतीतून सर्वांसाठी वाट दिली आणि संघाने त्याचे नाव कातळावर राहू दिले.

येथे चुंद कर्मारपुत्राचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. भगवान बुद्धांनी अखेरचे भोजन घेतले ते पावा नगरीतील या लोहाराच्या घरी. त्या भोजनानंतर भगवंतांचा आजार बळावला, तेव्हा चुंदास कोणी दोष देऊ नये आणि त्याच्या मनासही पश्चात्ताप शिवू नये, म्हणून संबोधीपूर्वीच्या भोजनाइतकेच हे अखेरचे भोजनही महाफलदायी आहे असे भगवंतांनी आनंदास सांगितले. धम्मात लोहाराच्या दानाचे स्थान हे असे आहे. नंदाची वाट ही चुंदाच्या अन्नाचीच परंपरा होय, असे आम्ही मानतो.

वाट, पाणी आणि आसन

नंद एकटा नाही. कल्याणच्याच सामिदत नावाच्या सोनाराने येथे पाण्याची पोढी दिली. चेमुल येथील हेरणिक, म्हणजे खजिनदार, रोहिणिमित याचा पुत्र सुलसदत यानेही पोढी दिली. 'पोढी' हा शब्द मराठीत आजही कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यासाठी जिवंत आहे. कान्हेरीत बहुतेक लेण्यांच्या अंगणात अशी पोढी आहे. छतावर आणि उतारावर पडणारे पावसाचे पाणी चरांमधून तिच्यात उतरते. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडा कातळ अशा डोंगरावर शेकडो माणसांची तहान भागविणारी ही व्यवस्था त्या काळच्या कारागिरांच्या बुद्धीची साक्ष देते. लेण्यांच्या बाहेर कातळातच कोरलेले बाक आहेत. बसावयाच्या आसनांच्या दानाचे उल्लेखही लेखांत येतात. जवळच्या 'मंगलस्थान' गावातील शेताचे उत्पन्न संघास दिल्याचाही उल्लेख आहे. मंगलस्थान म्हणजे आजचे बोरिवलीजवळील मागाठाणे.

चालून आलेल्या माणसास काय लागते? पायाखाली वाट, घशाला पाणी आणि क्षणभर टेकावयास आसन. कान्हेरीच्या सामान्य दात्यांनी नेमकी हीच तीन दाने दिली. ती घेताना कोणी कोणाची जात विचारल्याची नोंद या कातळावर नाही. त्या काळी समाजात उच्चनीचता नव्हतीच असे विधान आम्ही करणार नाही. भगवंतांनी तिच्यावर प्रहार केले ते ती होती म्हणूनच. परंतु संघाच्या डोंगरावर तिला स्थान नव्हते आणि कारागिराचे नाव व्यापाऱ्याच्या नावाच्या पंक्तीत बसू शकत होते, एवढे हे लेख निःसंशय सांगतात.

वाट मिटली ती अशी

पुढील शतकांतही ही वाट वाहती होती. त्रैकूटकांच्या काळातील, त्यांच्या वर्षगणनेच्या २४५ व्या वर्षाचा एक ताम्रपट १८३९ साली डॉ. जेम्स बर्ड यांना येथील स्तूपाच्या अवशेषांत मिळाला. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष आणि त्याचा शिलाहार मांडलिक कपर्दी यांच्या काळी गौड देशाहून, म्हणजे आजच्या बंगालकडून, अविघ्नाकर नावाचा उपासक येथे आला आणि त्याने शंभर द्रम्मांचा अक्षय निधी ठेवला. लेणे क्रमांक ९० मध्ये पहलवी लिपीतील तीन लेख आहेत. इ. स. १००९ मध्ये दोन वेळा आणि १०२१ मध्ये एकदा येथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली व आपल्या पित्यांची नावे त्यांत लिहून ठेवली आहेत. ते बौद्ध नव्हते. तरीही डोंगर चढून ते लेणी पाहावयास आले. अन्य धर्माचा पाहुणाही या वाटेने निर्धास्त येत होता, याहून मोठी साक्ष ती कोणती?

त्यानंतर मात्र संघ विखुरला आणि वाटेवर रान माजले. सोळाव्या शतकापासून गार्सिया द ओर्ता, दियोगो द कुतो यांसारख्या पोर्तुगीज लेखकांनी आणि पुढे १६७५ च्या सुमारास जॉन फ्रायर या इंग्रजाने कान्हेरीचे वर्णन केले, परंतु ही लेणी कोणाची हे सांगणारे कोणी उरले नव्हते. रानात राहणाऱ्या वारली, मल्हार कोळी आदी आदिवासींचे पाडे मात्र या डोंगरांच्या आसऱ्याने टिकून राहिले आणि आजही तेथे आहेत. त्यांच्या पायांनी कित्येक पायवाटा जिवंत ठेवल्या, हे ऋण विसरता येणार नाही.

रानात वाट मिटली आणि गावात वाटेवर पहारा बसला. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात पेशवाईतील पुण्याचे जे चित्र उभे केले आहे ते आपणांस ठाऊक आहे : अस्पृश्याने कमरेस झाडू बांधून आपल्याच पावलांच्या खुणा पुसत चालावयाचे आणि थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवावयाचे. एके काळी लोहार सर्वांसाठी वाट देतो आणि त्याचे नाव कातळावर कायम राहते. आणि त्याच भूमीत पुढे श्रमणाऱ्या माणसाच्या पावलाचा ठसाही मातीवर राहू दिला जात नाही. धम्माच्या लोपाचा अर्थ समजावून घ्यावयाचा असेल, तर ही दोन चित्रे शेजारी ठेवावीत. आणखी ग्रंथप्रमाण शोधण्याची गरज नाही.

तीच तीन दाने, आता हक्क म्हणून

वाट परत मिळविण्याचा लढा याच महाराष्ट्रात झाला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले करावेत असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, परंतु ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे शिस्तीने चालत तळ्यावर गेली आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. पाण्याइतकेच त्या चालण्यालाही महत्त्व होते, हे आपण लक्षात घ्यावे. सार्वजनिक रस्त्यावरून ताठ मानेने केलेली ती पदयात्रा होती.

२६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे कलम वाचकांनी पुन्हा एकदा काढून पाहावे. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांच्या वापरापासून धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकास रोखता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. वाट, पाणी आणि टेकावयाची जागा! कान्हेरीच्या कातळावर जे दान म्हणून लिहिले गेले, ते संविधानात हक्क म्हणून लिहिले गेले. संविधानकारांच्या डोळ्यांपुढे कान्हेरीचे लेख होते असा आमचा दावा नाही. महाडचे तळे मात्र होते, आणि सामान्य माणसाच्या गरजा दोन हजार वर्षांत बदलत नाहीत.

विहारयात्रा नव्हे, धम्मयात्रा

मग आज आपण या वाटेने कसे चालावे? याचे उत्तर सोपाऱ्यातच सापडले आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले. तो बौद्ध स्तूप निघाला. त्याच सुमारास तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. गिरनार आदी ठिकाणच्या प्रतींवरून त्याचा संपूर्ण आशय कळतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेस जात, तीत मृगया आणि तत्सम करमणूक असे. अशोक मात्र राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर संबोधीस, म्हणजे बोधगयेस, गेला आणि तेथून धम्मयात्रा सुरू झाली. श्रमण-ब्राह्मणांची भेट व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, जनपदातील लोकांची भेट, धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी प्रश्नोत्तरे, असे तिचे स्वरूप होते. येथे 'विहार' म्हणजे आपले विहार नव्हे, तर मौजेची सहल होय. सम्राटाने सहल बंद केली नाही. तिचा हेतू बदलला. या सफरीत त्यास अधिक आनंद मिळतो, असेही तो सांगतो.

कान्हेरीच्या सहलीस हेच सूत्र लागू करावे. उद्यानाच्या बोरिवलीकडील प्रवेशद्वाराजवळच्या भागास आजही 'कृष्णगिरी उपवन' म्हणतात. तेथून लेणी सुमारे सहा-सात किलोमीटरवर आहेत. रस्ता पक्का असून दुतर्फा झाडी आहे. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर वाहनाने लेण्यांच्या पायथ्याशी जावे आणि चालण्याचे बळ डोंगरासाठी राखावे. सोमवारी उद्यान बंद असते. शिलोंडासारख्या आतील निसर्गवाटांवर मात्र वनखात्याची परवानगी आणि जाणता वाटाड्या यांवाचून जाऊ नये. हे बिबट्यांचे अरण्य आहे आणि पावसाळ्यात ओढे अचानक फुगतात.

पायथ्याशी प्रथम लेणे क्रमांक ३ मधील चैत्यगृहात जावे. यज्ञश्री सातकर्णीच्या काळातील हे चैत्यगृह व्यापारी दात्यांनी उभारले. त्यात ३४ स्तंभ आहेत आणि ओसरीच्या दोन्ही टोकांस सुमारे २३ फूट उंचीच्या बुद्धमूर्ती आहेत. मुलांना तेथे शांत बसवून त्रिशरण-पंचशील घ्यावे. पुढे लेणे क्रमांक ११ मध्ये दोन लांब, ठेंगणे कातळी बाक आहेत. भिक्खू येथे समोरासमोर बसत, ही गोष्ट मुलांना लगेच उमगते. लेणे क्रमांक ९० मध्ये अवलोकितेश्वराचे शिल्प पाहावे. हत्ती, सिंह, सर्प, अग्नी, चोर, जहाजाचे बुडणे अशा प्रवासातील संकटांत सापडलेली माणसे त्यात कोरलेली आहेत. त्याच्या पूजेचा प्रश्न आपल्या धम्मदृष्टीने वेगळा आहे. परंतु त्या काळच्या प्रवाशास अरण्यात आणि समुद्रात कशाची भीती वाटत होती, याचा तो दगडी दस्तऐवज आहे. डोंगराच्या एका कडेस, क्रमांक ८७ पाशी, विटांच्या स्तूपांची रांग आहे. स्थविर भिक्खूंच्या रक्षा जेथे ठेवल्या गेल्या, ती ही जागा. तेथे आवाज खाली आणावा आणि पादत्राणे दूर ठेवावीत.

प्रत्येक पोढीपाशी मुलांना एक प्रश्न विचारावा : येथे पाणी कोठून येते? चरांचा माग काढीत ती स्वतःच उत्तर शोधतील. अशोकाच्या धम्मयात्रेत प्रश्नोत्तरे होती, ती अशीच असावीत. पाऊस सरल्यावर कारवीची फुले फुलली असतील तर तीही दाखवावीत; ती आठ वर्षांतून एकदा फुलते आणि २०१६ व २०२४ या वर्षी या डोंगरांवर तिचा बहर आला होता. चालणे हेही धम्मात साधनेचे अंग आहे. चंक्रमणाने प्रवासाचे व उद्योगाचे बळ येते, प्रकृती निरोगी राहते, अन्न पचते आणि साधलेली समाधी टिकते, असे पाच लाभ अंगुत्तरनिकायात सांगितले आहेत.

एक गोष्ट कठोरपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. लेण्यांच्या भिंतींवर खडूने, चुन्याने, टोकदार वस्तूंनी नावे कोरलेली आम्ही पाहिली आहेत. त्यांत आपल्या अभिवादनाचे शब्दही दिसले, तेव्हा मान खाली गेली. नंद लोहाराचे नाव कातळावर आहे, कारण त्याने काही दिले. ज्याने काही दिले नाही, त्याने तेथे नाव कोरणे म्हणजे दात्यांच्या पंक्तीत चोरून बसणे होय. पोढीत कचरा टाकणे आणि स्तूपांवर चढणे यांविषयी वेगळे काय सांगावे?

संयुत्तनिकायातील नगरसुत्तात भगवंतांनी एक दृष्टान्त दिला आहे. अरण्यात भटकणाऱ्या माणसास एक प्राचीन वाट दिसते, पूर्वीची माणसे ज्या वाटेने गेली ती वाट. तिचा माग घेत तो जातो आणि त्यास एक प्राचीन नगर सापडते; मग तो राजास सांगून ते नगर पुन्हा वसवितो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी आपणांस अशीच एक मिटलेली वाट दाखविली. तिच्यावर रान माजू न देणे हे आता आपल्याकडे आहे. पुढील सुटीस मुलाचे बोट धरून कान्हेरीच्या पायऱ्या चढताना त्यास एवढेच सांगावे, की कल्याणचा एक लोहार फार पूर्वी येथे आला होता आणि त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वाट दिली; आपण त्याचे पाहुणे आहोत.

भवतु सब्ब मंगलं.